साधे की ‘डाएट’? : शीतपेयांची सवय, किंमत आणि आरोग्य

(लखनौ येथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



व्याख्यान सुरू होण्यापूर्वी आपल्यापैकी एकाने माझ्याकडे एक चिठ्ठी पाठवली. तीत असे लिहिले आहे : ‘रात्री अभ्यासासाठी जागावे लागते. उन्हाळ्यात खोली तापते. रोज एक बाटली शीतपेय लागते. घरी वडिलांना मधुमेह आहे, म्हणून गेल्या महिन्यापासून साधे सोडून डाएट घेऊ लागलो आहे. हे बरोबर आहे का?’ आजच्या विषयाची सर्व अंगे या पाच वाक्यांत आली आहेत. सवय आहे, हवामान आहे, खर्च आहे, आनुवंशिकता आहे आणि बाजाराने पुढे केलेला पर्यायही आहे. म्हणून तयार करून आणलेली टिपणे बाजूला ठेवून या चिठ्ठीचेच उत्तर देण्याचा मी प्रयत्न करणार आहे.

या विषयाची चर्चा लखनौमध्ये होणे उचितच आहे. साखरेचा उगम ज्या पिकात आहे, त्याचा अभ्यास करणारी भारतीय ऊस संशोधन संस्था याच शहरात १९५२ पासून कार्यरत आहे. अन्न, पाणी व पर्यावरण यांतील अपायकारक द्रव्यांचा अभ्यास करणारी भारतीय विषविज्ञान संशोधन संस्थाही १९६५ पासून येथेच आहे. एका संस्थेचा विषय गोडवा, तर दुसरीचा विषय अपाय. शीतपेयाची बाटली या दोहोंच्या मध्ये उभी आहे.

सवय कशी घडली?

कोणतीही सवय आकाशातून पडत नाही. तिच्यामागे धोरण असते, किंमत असते आणि जाहिरात असते. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यानुसार विदेशी कंपन्यांना आपला भागभांडवली हिस्सा कमी करणे भाग होते. ते मान्य न झाल्याने १९७७ मध्ये कोका-कोला कंपनी भारतातून बाहेर पडली. जॉर्ज फर्नांडिस त्या वेळी उद्योगमंत्री होते. रिकाम्या झालेल्या बाजारात मॉडर्न फूड इंडस्ट्रीज या सरकारी कंपनीने ‘डबल सेव्हन’ हे पेय आणले. त्याच वर्षी पार्ले कंपनीचे ‘थम्स अप’ आले. सरकारी पेय काळाच्या ओघात मागे पडले, खासगी पेय टिकले. पुढे १९९० मध्ये पेप्सीचे पेय भारतीय बाजारात आले. उदारीकरणानंतर ऑक्टोबर १९९३ मध्ये कोका-कोलाने पुनरागमन केले, ते याच राज्यातील आग्रा शहरातून. पार्लेची लोकप्रिय नाममुद्राही तिने विकत घेतली.

तरीही १९९० च्या दशकात शीतपेय हे मुख्यतः शहरी मध्यमवर्गाचे, लग्नसमारंभाचे आणि पाहुणचाराचे पेय होते. खरा बदल २००३ च्या सुमारास झाला. दोनशे मिलिलिटरची बाटली पाच रुपयांना मिळू लागली आणि ‘थंडा’ या सर्वसामान्य शब्दालाच एका नाममुद्रेचा अर्थ देणारी जाहिरात घरोघर पोचली. लहान गावातील टपरीवरही शीतपेट्या आल्या. वीस वर्षांनंतर तोच प्रयोग दहा रुपयांच्या बाटलीने पुन्हा झाला. २०२३ मध्ये जुनी ‘कॅम्पा’ ही नाममुद्रा नव्या मालकीखाली बाजारात परतली आणि किमतीची स्पर्धा नव्याने सुरू झाली. २०२५ मध्ये तर साखरविरहित पेयेही दहा रुपयांच्या बाटलीत उपलब्ध झाली. लहान बाटली ग्राहकाला स्वस्त वाटते, परंतु जी वस्तू खिशातील सुट्या पैशांत येते, ती विचार न करता रोज घेतली जाते.

याच २००३ सालाची आणखी एक घटना आपल्या अभ्यासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने शीतपेयांत कीटकनाशकांचे अवशेष आढळल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. संसदेने श्री. शरद पवार यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त समिती नेमली. फेब्रुवारी २००४ मध्ये सादर झालेल्या तिच्या अहवालाने अवशेष असल्यास दुजोरा दिला आणि पिण्याच्या पाण्यासाठी कठोर मानके सुचवली. पुढे २००६ मध्ये अन्न सुरक्षा व मानके कायदा झाला. त्या वादामुळे देशाचे लक्ष बाटलीतील सूक्ष्म अवशेषांकडे गेले हे चांगलेच झाले. मात्र त्याच बाटलीत उघडपणे, कायदेशीरपणे आणि चमच्यांनी मोजता येईल इतक्या प्रमाणात असलेली साखर चर्चेत मागे राहिली.

साध्या बाटलीत काय असते?

साध्या कोला पेयात दर १०० मिलिलिटरमागे साधारणतः १० ते ११ ग्रॅम साखर असते. म्हणजे २५० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे २६ ग्रॅम, अर्थात पाच चमच्यांहून थोडी अधिक. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनेनुसार मुक्त शर्करेतून मिळणारी ऊर्जा ही दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी. ती ५ टक्क्यांच्या आत ठेवल्यास अधिक हितकर. दोन हजार किलोकॅलरींच्या आहारात हे पाच टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम. चहातील साखर, बिस्किटे, मिठाई हे सारे हिशेबात धरण्यापूर्वीच एक बाटली ही मर्यादा संपवते. दुसरी बाटली १० टक्क्यांची वरची मर्यादाही ओलांडते.

पेयातून मिळणाऱ्या ऊर्जेचे एक वैशिष्ट्य आहे. चावून खाल्लेल्या अन्नाने जशी तृप्ती होते, तशी ती गोड पेयाने होत नाही. म्हणून बाटलीतील शंभराहून अधिक किलोकॅलरी जेवणातून वजा होत नाहीत, त्या जेवणात मिळवल्या जातात. अनेक देशांतील दीर्घकालीन पाहण्यांचे एकत्रित विश्लेषण २०१५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले. दररोज साखरयुक्त पेयाचा एक प्याला घेणाऱ्यांत दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचे प्रमाण सुमारे १८ टक्क्यांनी अधिक आढळले. शरीराच्या स्थूलतेचा परिणाम वजा केल्यावरही ते १३ टक्क्यांनी अधिक राहिले. याचा अर्थ, जो सडपातळ आहे त्याने निश्चिंत राहावे, असे नाही.

जागरणासाठी शीतपेय घेतो, असे आपल्यापैकी अनेकजण म्हणतात. कार्बनयुक्त पेयांत कॅफिनची कमाल मर्यादा लिटरला १४५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे २५० मिलिलिटरच्या बाटलीत ते फार तर ३६ मिलिग्रॅम असणार. एवढ्या उत्तेजनासाठी पाच चमचे साखर घेणे हा तोट्याचा व्यवहार आहे. ज्यांना ‘ऊर्जापेये’ म्हटले जाते, त्यांत कॅफिन लिटरला ३०० मिलिग्रॅमपर्यंत असू शकते. त्यांच्या वेष्टनावरील सूचना आपण वाचावी : दिवसाला ५०० मिलिलिटरपेक्षा अधिक नको, आणि बालके, गर्भवती व स्तनदा माता यांनी ती घेऊ नयेत.

उन्हाळ्याचा मुद्दाही विचारात घेऊ. मे-जूनमध्ये लखनौचे तापमान चाळीस अंशांच्या वर जाते. घामावाटे पाणी व क्षार जातात. शरीराला भरून हवे असते ते पाणी व क्षार. जागतिक आरोग्य संघटनेच्या क्षारसंजीवनीच्या सूत्रात लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते. कोला पेयात लिटरला शंभर ग्रॅमहून अधिक साखर, म्हणजे जवळजवळ आठपट. त्यामुळे जुलाब झालेल्या किंवा ऊन लागलेल्या माणसास शीतपेय देणे हा उपचार नव्हे. या सूत्रात न बसणाऱ्या गोड पेयांच्या नावात ‘ओआरएस’ ही अक्षरे वापरण्यास भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, ती याच गल्लतीमुळे.

बाटलीची खरी किंमत

आता खर्चाचा हिशेब मांडू. वीस रुपयांची एक बाटली रोज घेतली असे धरले, तर वर्षाला ७,३०० रुपये होतात. घरगुती उपभोग खर्चाच्या २०२३-२४ च्या पाहणीनुसार भारतातील शहरी व्यक्तीचा सरासरी मासिक खर्च ६,९९६ रुपये होता. ग्रामीण व्यक्तीचा तो ४,१२२ रुपये होता. म्हणजे रोजची ती एक बाटली वर्षभरात एका शहरी व्यक्तीच्या महिन्याच्या सरासरी निर्वाहाहून अधिक पैसे घेते. गावाकडून येणाऱ्या मनीऑर्डरवर वा बँक खात्यात जमा होणाऱ्या मोजक्या पैशांवर राहणाऱ्या विद्यार्थ्याने हा आकडा एकदा स्वतःच्या वहीत मांडून पाहावा. याच बाटल्यांतून वर्षाला साडेनऊ किलो साखर पोटात जाते. किराणा दुकानात ती ४५ रुपये किलो धरली, तरी तिचे मूल्य साडेचारशे रुपयांच्या आत राहते. उरलेला पैसा बाटली, वाहतूक, शीतकरण, जाहिरात, नफा आणि कर यांचा आहे.

याच पाहणीत असे दिसते, की पेये, अल्पोपाहार व प्रक्रिया केलेले अन्न यांवरील खर्चाचा एकूण खर्चातील वाटा ग्रामीण भागात ९.८४ टक्के आणि शहरी भागात ११.०९ टक्के आहे. यात केवळ शीतपेये नाहीत, हे ध्यानात ठेवले पाहिजे. परंतु कुटुंबाचा पैसा कोणत्या दिशेने वळत आहे, हे त्यातून समजते.

‘डाएट’चे आश्वासन

ज्यात साखरच नाही, ते पेय घेतले तर हा प्रश्न सुटतो का? कृत्रिम मधुरकांचा इतिहास जुना आहे. सॅकरिनचा शोध १८७९ चा, ॲस्पार्टेमचा १९६५ चा. ही द्रव्ये साखरेच्या शेकडो पट गोड असल्याने त्यांचा अत्यल्प अंश पुरतो आणि ऊर्जा जवळजवळ शून्य राहते. म्हणून साध्या बाटलीऐवजी डाएट बाटली घेतल्यास तेवढी साखर टळते, हे निर्विवाद आहे. अल्पकालीन प्रयोगांत वजनात थोडी घट झाल्याचेही दिसते.

अडचण पुढे आहे. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अशी शिफारस केली, की वजन आटोक्यात ठेवण्याचे साधन म्हणून साखरेतर मधुरकांचा वापर करू नये. दीर्घकालीन पाहण्यांत त्यांचा टिकाऊ लाभ दिसला नाही; उलट दुसऱ्या प्रकारचा मधुमेह व हृदयविकार यांच्याशी काही संबंध आढळला. ही शिफारस सशर्त स्वरूपाची आहे आणि आधीच मधुमेह असलेल्या व्यक्तींना ती लागू नाही. सशर्त का? तर येथे कार्यकारणभाव उलटा असू शकतो. ज्यांचे वजन वाढले आहे वा ज्यांना डॉक्टरांनी इशारा दिला आहे, तेच लोक डाएट पेयांकडे वळतात. मग त्यांना पुढे मधुमेह झाला, तर तो पेयाने झाला की पूर्वीच्या स्थितीने, हे सांगणे कठीण होते. सहसंबंध म्हणजे कारण नव्हे, हे तत्त्व आपण तर्कक्षमतेच्या प्रश्नपत्रिकेत सोडवता; ते येथे जीवनात उपयोगी पडते.

जुलै २०२३ मध्ये आणखी एक वृत्त गाजले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्पार्टेमला ‘संभाव्य कर्करोगकारक’ अशा २-ब गटात ठेवले. त्याच वेळी अन्नातील मिश्रकांचा विचार करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे रोज ४० मिलिग्रॅम ही जुनी मर्यादा कायम ठेवली. सत्तर किलो वजनाच्या माणसाला ती ओलांडण्यासाठी दिवसाला नऊ ते चौदा डबे डाएट पेय प्यावे लागेल. या दोन निष्कर्षांत विसंगती नाही. पहिली संस्था एखाद्या द्रव्यात अपाय करण्याची क्षमता आहे का, हे पाहते. दुसरी समिती प्रत्यक्ष सेवनाच्या प्रमाणात जोखीम किती, हे मोजते. विषविज्ञानाचा पायाच हा आहे, की मात्रेवाचून विषाची चर्चा अपुरी असते. तेव्हा डाएट पेयाची एखादी बाटली म्हणजे विष, ही भीती अनाठायी आहे. मात्र फेनिलकीटोन्युरिया हा दुर्मीळ जन्मजात विकार असणाऱ्यांनी ॲस्पार्टेम टाळलेच पाहिजे.

दोन गोष्टी डाएट बाटलीतही तशाच राहतात. पहिली आम्लता. कोलातील फॉस्फरिक आम्ल आणि लिंबाच्या चवीच्या पेयांतील सायट्रिक आम्ल दातांचे कवच झिजवते. साखर काढली, तरी आम्ल जात नाही. दुसरी गोष्ट म्हणजे गोडाची अपेक्षा. तहान लागली की गोडच हवे, ही जिभेची सवय मोडत नाही. खर्चही जवळपास तोच राहतो.

उंबरठ्यावरचे राज्य

हे सारे आत्ताच, आपल्या वयात का महत्त्वाचे आहे? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी मधुमेह पाहणीचे निष्कर्ष जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आणि १३.६ कोटी लोकांना मधुमेहपूर्व अवस्था असल्याचा अंदाज त्यात आहे. गोव्यात मधुमेहाचे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक. उत्तर प्रदेशात ते पाच टक्क्यांहूनही कमी, म्हणजे देशात सर्वात कमी. येथवर वाचून कोणासही समाधान वाटेल. पण याच राज्यात मधुमेहपूर्व अवस्थेतील लोक सुमारे १८ टक्के आहेत. म्हणजे प्रत्येक मधुमेही व्यक्तीमागे जवळजवळ चार माणसे उंबरठ्यावर उभी आहेत.

उंबरठ्यावरून माघारी फिरता येते, हीच यातील आशेची गोष्ट आहे. चेन्नई येथील संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय मधुमेह प्रतिबंध अभ्यासात केवळ आहार व व्यायाम यांतील बदलाने मधुमेहाची जोखीम तीन वर्षांत २८.५ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. औषधाविना मिळणारा हा लाभ आहे. ज्याच्या घरी मधुमेह आहे, त्याला तो अधिकच मोलाचा.

कर कशावर : बुडबुड्यांवर की साखरेवर?

व्यक्तीने विवेक बाळगावा, एवढे सांगून शासनाची जबाबदारी संपत नाही. वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा जुलै २०१७ पासून कार्बनयुक्त पेयांवर २८ टक्के कर आणि १२ टक्के भरपाई उपकर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो थेट ४० टक्के झाला. दर कठोर आहे. पण तो साखरेच्या प्रमाणाशी जोडलेला नाही. लिटरला शंभर ग्रॅम साखर असलेल्या साध्या कोलावर आणि साखर नसलेल्या डाएट कोलावर तो सारखाच आहे. याउलट बुडबुडे नसलेल्या फळरसयुक्त पेयांवरील कर त्याच वेळी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. अशा पेयात फळाचा रस दहा टक्के असला तरी चालतो आणि साखर मात्र कोलाइतकीही असू शकते. फळे पिकवणाऱ्या शेतकऱ्यास व प्रक्रिया उद्योगास याचा लाभ होतो, हे मान्य. आरोग्याच्या दृष्टीने मात्र हा संकेत उलट दिशेचा आहे.

अन्य देशांचे अनुभव बोलके आहेत. मेक्सिकोने जानेवारी २०१४ पासून साखरयुक्त पेयांवर लिटरला एक पेसो कर लावला. पहिल्या वर्षी खरेदी ५.५ टक्क्यांनी आणि दुसऱ्या वर्षी ९.७ टक्क्यांनी कमी झाली. ब्रिटनने एप्रिल २०१८ पासून साखरेच्या प्रमाणानुसार दोन टप्प्यांचा आकार लावला. दर १०० मिलिलिटरला पाच ग्रॅमच्या खाली गेलेल्या पेयास तो नाही. परिणामी अनेक उत्पादकांनी पेयातील साखरच कमी केली. दक्षिण आफ्रिकेने त्याच वर्षी चार ग्रॅमच्या पुढील प्रत्येक ग्रॅमवर कर बसवला. कर ग्रॅमवर असेल, तर कारखान्याला साखर घटवण्याचे कारण मिळते. तो सरसकट असेल, तर मिळत नाही.

आपल्याकडेही काही पावले पडली आहेत. महाराष्ट्र शासनाने मे २०१७ मध्ये शालेय उपाहारगृहांतून असे पदार्थ हद्दपार करण्याचा निर्णय घेतला. प्राधिकरणाच्या २०२० च्या विनियमांनुसार अधिक मेद, मीठ वा साखर असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि त्याभोवती ५० मीटरच्या परिसरात विकता येत नाहीत. मे २०२५ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने शाळांमधून ‘साखर फलक’ लावण्याची सूचना केली. परंतु शाळेबाहेर पडून शिकवणी वर्गाच्या परिसरात आलेल्या तरुणाला असे कोणतेही कुंपण नाही. तेथे विवेक हेच कुंपण.

चिठ्ठीचे उत्तर

आता त्या चिठ्ठीकडे वळतो. साध्यावरून डाएटवर येणे हे चुकीचे पाऊल नाही. ज्याला रोजची बाटली सुटतच नाही, त्याच्यासाठी तो काही काळाचा पूल होऊ शकतो. पण पुलावर घर बांधायचे नसते. प्रथम रोजची बाटली दिवसाआड करावी, मग आठवड्यातून एक. खोलीत पाण्याचा माठ ठेवावा. जागरणासाठी बिनसाखरेचा वा कमी साखरेचा चहा पुरतो, आणि त्याहूनही उपयुक्त असते ती पुरेशी झोप.

आपली पारंपरिक पेये निश्चितच जवळ करावीत. पण हिशेब तेथेही सोडू नये. चौकातील ठंडाई असो, बेलाचे शरबत असो किंवा आमच्याकडचे पन्हे आणि कोकम सरबत असो, साखर घातली की ती साखरच. उसाच्या ताज्या रसातही साखरेचे प्रमाण १२ ते १५ टक्के असते, अर्थात कोलाहून कमी नाही. येथील मठ्ठा, आमच्याकडील ताक, मीठ-जिरे घातलेले लिंबूपाणी आणि सत्तूचे नमकीन पेय यांना मात्र साखरेची गरजच नाही. ही पेये पाणी देतात, क्षार देतात, आणि घरी केली तर खिशालाही परवडतात.

मित्रहो, आपण उद्या प्रशासनात जाल. कोणी जिल्ह्याचे आरोग्य पाहील, कोणी कराचे प्रस्ताव तयार करील, कोणी शाळा तपासील. त्या वेळी आपल्या टेबलावर येणारा प्रश्न ‘साधे की डाएट’ असा नसेल. तहानलेल्या माणसाला स्वच्छ, थंड आणि विनामूल्य पाणी किती अंतरावर मिळते आणि गोड बाटली किती अंतरावर, असा तो असेल. आज बाटली बहुधा अधिक जवळ आहे. हे अंतर उलटे करणे हे आपले काम आहे, आणि त्याची सुरुवात आजच्या रात्रीच्या अभ्यासापासून, स्वतःच्या टेबलावर पाण्याचा तांब्या ठेवून करता येईल.